आधी कागद, मग संगणक

मंडळी, संध्याकाळची वेळ डोळ्यांपुढे आणा. गावच्या दूध संस्थेपुढे किटल्या घेऊन रांग लागली आहे. दुधाचे माप होते, फॅट पाहिली जाते, आकडा वहीत चढतो आणि दहा दिवसांनी त्या आकड्यांचे पैसे होतात. त्या पैशांवर कुणाच्या घरचा किराणा अवलंबून असतो, कुणाच्या मुलीची फी. तेव्हा वहीतला आकडा चुकला, तर ती नुसती लेखणीची चूक राहत नाही. तिचा भुर्दंड एका घराला पडतो.

आता समजा, अशा एका संस्थेने ठराव केला, की वह्या पुरे झाल्या, सगळा हिशेब संगणकावर घ्यायचा. सभेत मागच्या बाजूने कुणीतरी विचारतो, "संगणक आला म्हणजे भानगड मिटली ना?" प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर गृहीत धरून भल्याभल्यांची फसगत झालेली आहे. संगणक बेरीज चुकत नाही, हे खरे. पण कशाची बेरीज करायची, हे त्याला माणसानेच सांगावे लागते. आडात नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार? म्हणून यंत्र घेण्यापूर्वी आपला आड तपासावा, आणि तोही अंदाजाने नव्हे, शिस्तीने. या शिस्तीची एक नामांकित पद्धत आज आपण समजून घेऊ.

ही पद्धत ब्रिटनमधली. तेथील सरकारच्या निरनिराळ्या खात्यांत संगणकाची कामे वाढू लागली, तेव्हा जो तो आपापल्या रीतीने आखणी करी. काम करणारा माणूस बदलला, की मागच्याने काय ठरवले होते हे पुढच्याला उमगत नसे. सरकारला संगणकाविषयी सल्ला देणारी 'सेंट्रल कॉम्प्युटर अँड टेलिकम्युनिकेशन्स एजन्सी' नावाची संस्था होती. तिने 'लर्मंथ अँड बर्चेट मॅनेजमेंट सिस्टिम्स' या कंपनीच्या मदतीने एक सामाईक रीत बसवली. १९८१ साली ती वापरात आली आणि १९८३ पासून सरकारी खात्यांच्या नव्या संगणक-कामांना ती बंधनकारक झाली. तिचे इंग्रजी नाव लांबलचक आहे: 'स्ट्रक्चर्ड सिस्टिम्स अ‍ॅनालिसिस अँड डिझाइन मेथड'. थोडक्यात एस. एस. ए. डी. एम. मराठीत सांगायचे तर, माहिती-व्यवस्थेची रीतसर तपासणी आणि आखणी करण्याची पद्धत. तिची चौथी आवृत्ती १९९० साली निघाली.

पद्धत विलायतेची असली, तरी उदाहरण आपण दूध संस्थेचेच घेऊ. ओळखीच्या कामावर नवी गोष्ट चटकन कळते.

या पद्धतीचे मर्म असे, की एकाच कामाकडे तीन बाजूंनी पाहायचे आणि तिन्ही बाजूंची चित्रे कागदावर काढायची. माहिती कोठून कोठे जाते, हे पहिले चित्र. माहिती कशाकशाविषयी ठेवायची, हे दुसरे. आणि काळ जाईल तसतसा त्या माहितीत काय बदल होतो, हे तिसरे. तीन साक्षीदारांची वेगवेगळी जबानी घ्यावी आणि मग ती एकमेकींशी ताडून पाहावी, तसाच हा प्रकार.

पहिल्या चित्राला आपण माहितीच्या वाटेचा नकाशा म्हणू. त्यात चारच खुणा असतात. लंबगोलात संस्थेबाहेरची मंडळी लिहायची: दूध घालणारा सभासद, तालुक्याचा दूध संघ, बँक. चौकोनात कामे लिहायची: दूध मोजणे व तपासणे, दर लावणे, कपात करणे, बिल तयार करणे. एका बाजूने उघड्या ठेवलेल्या चौकोनात साठे लिहायचे: सभासदांची यादी, संकलनाची वही, उचलीची वही, दरपत्रक. आणि यांना जोडणारे बाण. प्रत्येक बाणावर त्या वाटेने जाणाऱ्या माहितीचे नाव लिहिलेच पाहिजे. निनावी बाण चालत नाही.

नियमही सोपे आहेत. एका वहीतून दुसऱ्या वहीत माहिती आपोआप जात नाही. मध्ये कुणाचे तरी काम असते, ते दाखवायचे. आणि कोणत्याही कामातून जी माहिती बाहेर पडते, ती तयार होण्यापुरती माहिती त्या कामाकडे आत आलेली असली पाहिजे. नसेल तर एखादा बाण राहिला आहे, असे समजावे.

आता गंमत पाहा. तपासनीस सचिवांना विचारतो, "बिलातून पशुखाद्याची कपात होते, तिचा आकडा कोठून येतो?" सचिव म्हणतात, "खाद्याच्या दुकानातून चिठ्ठ्या येतात की." "केव्हा येतात?" "येतात आठवड्यातून एकदा." "आणि बिल बंद होतं केव्हा?" "दर दहा दिवसांनी." इतके बोलल्यावर सचिव स्वतःच थांबतात. काही चिठ्ठ्या बिल बंद झाल्यावर पोहोचतात, त्यांची कपात पुढच्या बिलात दुप्पट होऊन बसते आणि सभासद तावातावाने येऊन विचारतो, की माझे पैसे गेले कोठे? वर्षानुवर्षे होत असलेल्या एका भांडणाचे मूळ कागदावरच्या एका बाणाजवळ सापडले. या जागी संगणक नुसता आणून ठेवला असता, तर तेच भांडण छापील बिलावर झाले असते, एवढाच फरक.

हा नकाशा आधी आजचे काम जसे चालते तसाच काढायचा. मग त्यातले 'कसे' गाळून 'काय' तेवढे ठेवायचे. आज सचिव चिठ्ठीवरचा आकडा रोजवहीत उतरवतात आणि रोजवहीतला खतावणीत. तीन ठिकाणी लिहिणे हे 'कसे' झाले. त्यातले 'काय' एकच: अमुक सभासदाने अमुक वेळी इतके दूध दिले. हे गाळण न लावता काम संगणकावर चढवले, तर संगणकातही तीन वह्या होतात आणि तिन्हींचे आकडे जुळवत बसण्याची जुनी शिक्षा नव्या यंत्रावर भोगावी लागते.

आता दुसरे चित्र. ज्या ज्या गोष्टीची नोंद ठेवायची, तिच्यासाठी एकेक गोलसर कोपऱ्यांची चौकट काढायची: सभासद, संकलन, बिल, कपात, दर. मग त्यांचे नाते रेघांनी दाखवायचे. एका सभासदाची संकलने अनेक, पण एक संकलन एकाच सभासदाचे. जिकडे 'अनेक', तिकडे रेघेच्या टोकाला तीन फाटे काढतात. त्या खुणेला कावळ्याचा पाय म्हणतात, आणि ती दिसतेही तशीच.

हा पाय काढताना प्रश्न विचारावे लागतात, आणि खरा लाभ त्या प्रश्नांतच आहे. एका सभासदाने सकाळी गाईचेही दूध आणले आणि म्हशीचेही, तर ते एक संकलन की दोन? जो सभासद नाही, त्याचे दूध घेता का? घेत असाल तर त्याचा हिशेब कोणत्या नावावर? एकाच नावाचे दोघे सभासद आहेत, त्यांना वेगळे ओळखायचे कसे? दर महिन्याच्या मध्यावर बदलला, तर आधीच्या दिवसांचे बिल कोणत्या दराने? शेवटच्या प्रश्नावरून कळते, की नुसता 'आजचा दर' ठेवून भागणार नाही. कोणत्या तारखेपासून कोणता दर, हीच नोंद ठेवली पाहिजे. हे नियम संस्थेत आधीपासून असतात. पण ते सचिवांच्या डोक्यात असतात, कागदावर नसतात. सचिव निवृत्त झाले, की नियमही त्यांच्याबरोबर घरी जातात.

या चित्राला आणखी एक कसोटी लावतात. एडगर कॉड नावाचे इंग्लंडात जन्मलेले गणिती अमेरिकेत आय. बी. एम. कंपनीत काम करीत. त्यांनी १९७० साली माहिती तक्त्यांत मांडण्याचा एक शास्त्रशुद्ध विचार प्रसिद्ध केला. त्यातून निघालेली शिकवण आपल्या भाषेत अशी सांगता येईल: एक गोष्ट एकाच जागी लिहावी. सभासदाचा बँक खाते क्रमांक प्रत्येक बिलावर हाताने लिहीत गेलात, तर खाते बदलल्यावर तो किती जागी बदलणार? एक जागा राहिली, की पैसे जुन्या खात्यात गेलेच म्हणून समजा. तोच क्रमांक सभासदाच्या नोंदीत एकदाच ठेवला आणि बिलाने तो तेथून घेतला, तर चुकीला वावच उरत नाही.

तिसरे चित्र मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. त्याला नोंदीची जीवनकथा म्हणू या. प्रत्येक नोंद केव्हातरी जन्मते, बदलते आणि एक दिवस बंद होते. हा क्रम झाडाच्या फांद्यांसारखा, डावीकडून उजवीकडे वाचता येईल असा मांडतात. जी घटना पुनःपुन्हा घडते तिच्या चौकटीत तारका काढतात. जेथे हे किंवा ते, असे दोन पर्याय असतील तेथे चौकटीत छोटे वर्तुळ काढतात. सभासदाची जीवनकथा अशी: अर्ज मंजूर झाला, नोंद जन्मली. मग दूध घालणे, यावर तारका. नाव, पत्ता, खाते बदलणे, यावरही तारका. आणि शेवट? येथे वर्तुळे येतात: राजीनामा, किंवा मृत्यू.

मृत्यू हा शब्द सभेत कुणी उच्चारत नाही. पण तपासनिसाने तो विचारायलाच हवा. समजा, एक सभासद महिन्याच्या सात तारखेला वारला. सहा दिवसांचे दूध घातलेले, भाग-भांडवल संस्थेत, थोडी उचल अंगावर. त्याची पत्नी म्हैस विकत नाही; ती दुसऱ्याच आठवड्यात किटली घेऊन दारात उभी राहते. "दादा, त्यांचं मागचं बिल राहिलंय, आणि आता दूध माझ्या नावावर घ्या." वहीचा कारभार होता तेव्हा सचिवांनी समासात दोन ओळी लिहून काम भागवले असते. संगणकाला समास नसतो. आखणी करताना 'वारस' ही घटना कुणी धरलीच नसेल, तर यंत्र एवढेच सांगते, की हे खाते बंद आहे. सचिव हात वर करतात, "मी काय करू बाई, संगणक घेत नाही." आणि ती बाई रिकाम्या हाताने परत जाते. चूक यंत्राची नाही. आधी कागदावर हा प्रश्न न विचारणाऱ्याची आहे.

आता तिन्ही साक्षीदार समोरासमोर आणायचे. पहिल्या नकाशातला प्रत्येक साठा दुसऱ्या चित्रातल्या चौकटींशी जुळला पाहिजे. दुसऱ्या चित्रातल्या प्रत्येक चौकटीला जन्म देणारी एक घटना तिसऱ्या चित्रात असली पाहिजे. आणि तिसऱ्यातली प्रत्येक घटना पहिल्या नकाशातल्या कोणत्या ना कोणत्या कामात घडली पाहिजे. जेथे जबानी जुळत नाही, तेथे काहीतरी विसरलेले असते. एकाच चित्रावर भिस्त ठेवली असती, तर ही विसरभोळी जागा दिसली नसती.

या पद्धतीच्या पायऱ्या शून्यापासून सहापर्यंत, म्हणजे सात आहेत. शून्याची पायरी ही, की हे काम करण्याजोगे आहे का, ते आधी पाहावे. पहिलीत आजच्या कारभाराची तपासणी. दुसरीत पुढे काय हवे, याचे पर्याय मांडायचे आणि त्यांतून निवड करायची. तिसरीत गरजा नेमक्या लिहायच्या. चौथीत कोणती यंत्रसामग्री, किती खर्च, याचे पर्याय. पाचवीत यंत्राचा विचार बाजूला ठेवून आखणी, आणि सहावीत ती आखणी घेतलेल्या यंत्राला साजेशी करणे. पाहा, यंत्राची निवड चौथ्या पायरीवर येते! आपण मात्र पुष्कळदा तिथूनच सुरुवात करतो. शिवाय प्रत्येक टप्प्याच्या शेवटी कागद कामाच्या धन्यापुढे ठेवायचा, त्याने तो वाचायचा आणि मान्य करायचा, असा दंडक आहे. पर्याय मांडणे हे तपासनिसाचे काम; निवडणे हे ज्यांचे काम आहे त्यांचे. कागदावरची चूक रबराने पुसता येते. तीच चूक व्यवस्था चालू झाल्यावर सापडली, तर ती पुसायला पैसा लागतो, आणि कधी कधी त्याहून मोलाचे काही पणाला लागते.

हे अतिशयोक्तीने बोलत नाही. लंडन शहराच्या रुग्णवाहिका सेवेची हकिकत पाहा. सुमारे ६०० चौरस मैलांचा परिसर, ६८ लाखांच्या आसपास वस्ती, आणि दिवसाला दोन ते अडीच हजार हाका. कोणत्या हाकेला कोणती गाडी पाठवायची, हे ठरवण्यासाठी २६ ऑक्टोबर १९९२ रोजी तेथे नवी संगणक-व्यवस्था चालू झाली. तिची सारी मदार एका गोष्टीवर होती: प्रत्येक गाडी या क्षणी कोठे आहे आणि मोकळी आहे की कामात, याची माहिती जवळजवळ बिनचूक मिळत राहिली पाहिजे. प्रत्यक्षात ती तशी मिळेना. मग यंत्राला मोकळ्या गाड्या दिसेनात, एकाच हाकेला दोन गाड्या जाऊ लागल्या, सूचनांचा ढीग पडद्यावर साचला, आणि वाट पाहून थकलेले लोक पुनःपुन्हा फोन करू लागल्याने गर्दी आणखी वाढली. दुसऱ्याच दिवशी काही काम पुन्हा हाताने करण्याची पाळी आली. पुढे ४ नोव्हेंबरच्या पहाटे एका छोट्या चुकीमुळे यंत्राची स्मरणजागा भरून गेली, व्यवस्था साफ बंद पडली, आणि कर्मचारी पुन्हा कागदाकडे वळले.

याची चौकशी झाली आणि १९९३ साली अहवाल आला. घाईचे वेळापत्रक, अपुरी चाचणी, आणि गाड्यांवरच्या व नियंत्रण कक्षातल्या माणसांचा आखणीत अपुरा सहभाग, ही कारणे त्यात नोंदली आहेत. आपल्या नकाशाच्या भाषेत बोलायचे तर, 'गाडीची जागा आणि स्थिती' या एका बाणावर सगळा डोलारा उभा होता. असा बाण कागदावर काढला, की रोज गाडी चालवणाऱ्याला बोलावून विचारायचे असते, "बाबा रे, ही माहिती दर वेळी तुझ्याकडून येईल का? धावपळीत बटण दाबायचं राहिलं, तर काय होईल?" उत्तर ज्याच्याजवळ असते, त्याला विचारणे हाच या शास्त्राचा गाभा आहे.

आता कुणी म्हणेल, मग या पद्धतीने सगळे प्रश्न सुटले असतील! तसेही झाले नाही, आणि ते लपवण्याचे कारण नाही. एक म्हणजे ही पद्धत आखणीशी थांबते. आज्ञावली लिहिणे आणि तिची चाचणी घेणे तिच्या कक्षेबाहेर राहते. दुसरे, सात पायऱ्यांचे कागद लिहिता लिहिता महिनेच्या महिने जात, आणि तोवर गरजाच बदलून जात. चित्रे काढणाऱ्यांपैकी काहींना चित्रांचाच मोह पडला. फॉर्म भरले म्हणजे काम समजले, असे त्यांना वाटू लागले. म्हणून पुढे वेगळे वारे वाहू लागले. १९९४ साली ब्रिटनमध्येच काही संस्थांनी एकत्र येऊन थोडे थोडे करून दाखवीत पुढे जाण्याची रीत मांडायला घेतली, आणि २००१ साली अमेरिकेत सतरा तज्ज्ञांनी तशाच विचाराचा जाहीरनामा काढला. आज सात पायऱ्यांचा तो जुना आग्रह मागे पडला आहे. पण माहितीच्या वाटेचा नकाशा आणि कावळ्याच्या पायाचे चित्र मात्र टिकले. संगणकाचे शिक्षण घेणारी मुले आजही ती काढतात. ताकातले लोणी तेवढे लोकांनी ठेवले, असे म्हणायला हरकत नाही.

शेवटी शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. हे शिकवायला संगणक लागत नाही. खडू आणि फळा पुरतो. आपल्या शाळेचेच उदाहरण घ्या. जनरल रजिस्टर, हजेरीपत्रक, निकालपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला. मुलांनाच विचारा: तुमची जन्मतारीख शाळेत किती जागी लिहिली आहे? त्या सगळ्या जागी एकच आहे का? एका जागी चुकली, तर पुढे दाखल्याच्या वेळी कुणाला हेलपाटे पडतात? मग विद्यार्थ्याच्या नोंदीची जीवनकथा काढायला सांगा. दाखल होणे, वर्ग बदलणे, शाळा सोडणे. एखादा चुणचुणीत मुलगा विचारील, "गुरुजी, ऊसतोडीला गेलेली मुलं मधेच जातात आणि पुन्हा येतात, ती कुठं दाखवायची?" तो प्रश्न ज्या दिवशी वर्गात येईल, त्या दिवशी तुमचा पाठ सफल झाला असे समजा.

आणि संस्थांच्या पंचमंडळींनो, उद्या तुमच्या दारी कुणी नवी व्यवस्था विकायला आला, तर किंमत मागाहून विचारा. आधी त्याला म्हणा, "आमचं काम तुम्हाला कसं समजलं, ते कागदावर काढून दाखवा." त्याने काढलेला कागद मापाड्याला दाखवा, सचिवांना दाखवा, आणि किटली घेऊन रांगेत उभ्या असलेल्या त्या बाईलाही वाचून दाखवा. तिघांनीही मान डोलावली, की मग यंत्राचे बोलू.